चिऱ्याचं जुनं घर, रांगती मुलगी आणि तोंडावर आलेला मिरग

मृदुला, गुहागर

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या अलीकडे. चिऱ्याचं, कौलारू, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढे पडवी, तिथून दोन पायऱ्या चढून ओटी, मग माजघर, आत स्वयंपाकघर, आणि मागच्या पडवीतून न्हाणीकडे नि विहिरीकडे जायचं दार. मुलगी आठ महिन्यांची आहे. रांगायला लागल्यापासून तिला ओटीचीच ओढ. मी गॅसवरचं दूध उतरवून येईपर्यंत ती माजघराचा उंबरठा ओलांडून पायऱ्यांशी पोचलेली असते.

बाळासाठी घर सुरक्षित कसं करावं म्हणून शोधलं की सापडतं ते सगळं फ्लॅटचं. टीव्हीचं युनिट भिंतीला बांधा, काचेच्या टीपॉयला कोपरे लावा, ड्रॉवरला लॉक बसवा. आमच्याकडे टीपॉय नाही नि ड्रॉवरही नाहीत. लोखंडी कड्यांचा झोपाळा आहे, जमिनीपासून हातभर उंचीवर प्लगचे बोर्ड आहेत, ओटीवर सासऱ्यांचा पानाचा डबा असतो, संध्याकाळी देवापुढे समई खालीच लावतात. पुण्याहून बहिणीने रबरी कोपरे पाठवले होते, ते खांबांना लावून पाहिले. खारी दमट हवा आणि भिंतीच्या चुन्याची धूळ, यापुढे चिकटपट्टी टिकत नाही. सुटलेला एक तुकडा मुलीच्या मुठीत सापडला, तेव्हा बाकीचे मीच काढून टाकले.

मागच्या पडवीत पावसाची बेगमी भरून झाली आहे: लाकडं, शेणी, नारळाची सोडणं. काजूबियांचं एक पोतं अजून विकायचं राहिलंय. मिरग लागला की विंचवांची नि फुरशा सापांची भीती आहेच. नवरा चिपळूणला नोकरीला, रात्री येतो. दिवसभर घरात मी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात. सासरे मायाळू आहेत, पण म्हणतात, "आमची चार पोरं याच ओटीवर वाढली, काही झालं नाही." त्यांचं मन मोडायचं नाही, पण मला स्वस्थ बसवत नाही. आधी काय करू, आणि काय थोडं मागे पडलं तरी चालेल? कोकणातल्या अशा घरात ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांनी सांगा.

दर्यावर्दी, मालवण

ताई, आमचो झील रांगत होतो तेव्हा आम्ही पडवीच्या गजांना मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं होतं. घरचंच होतं, खर्च काही नाही. आणि सरळ वॉकर आणा. त्यात बसवलं की पोर खूश, आई मोकळी. झोपाळा मात्र काढू नका, रडतं पोर झोपाळ्यावरच शांत होतं.

निवृत्त सिस्टर, राजापूर

मृदुला, तुझ्या वयाची माझी सून आहे, तेव्हा अगं-तुगं करते. मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. उपकेंद्राची नोकरी म्हणजे वाडीवाडीवर फिरणं. तुझं घर मी पाहिलेलं नाही, पण तसली घरं खूप पाहिली आहेत.

सगळ्यात आधी पानाचा डबा. तू तो झोपाळा नि बोर्डांच्या मागे लिहिलास, मी तो सगळ्यांच्या पुढे घेईन. त्यातली चुन्याची ट्यूब किंवा पुडी पोराच्या मुठीत नेमकी बसते. मऊ असते, दाबली की दबते, म्हणून पोराला ती आवडते. वरचं तोंड सुकलेल्या चुन्याने बुजलेलं असेल तर आत दाब साठतो आणि ती एकदम फुटते. मूल कुठलीही वस्तू तोंडासमोर धरून दाबतं, त्यामुळे चुना उडतो तो थेट डोळ्यात. चुना हा क्षार आहे. तो वरवर भाजून थांबत नाही, डोळ्यात आत आत उतरत जातो, आणि बुबुळावरचा काचेसारखा पडदा पांढरा पडतो. काही मुलांची त्या डोळ्याची नजर कायमची जाते. असं कधी झालंच तर क्षणभरही न थांबता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडायची, अर्धा तास तरी. पापणीच्या आत चुन्याचा कण अडकलेला दिसला तर ओल्या कापडाच्या टोकाने टिपून घ्यायचा आणि पुन्हा पाणी. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, जाताना वाटेतही पाणी घालत. तूप, मध, आईचं दूध, गुलाबपाणी, यातलं काहीएक घालायचं नाही. पाणी किती लवकर पडलं यावर डोळा वाचणं बरंचसं अवलंबून असतं.

त्याच डब्यात तंबाखू. आठ महिन्यांच्या मुलाच्या पोटात ती चिमूटभर गेली तरी उलट्या नि घाम सुटतो, जास्त गेली तर झटके येतात. त्याच डब्यात सुपारीचं खांड आणि अडकित्ता. तुमच्या माजघराच्या भिंतीत उंचावर कोनाडा असणारच, डबा तिथे जाऊ दे. ओटीवर आणला तर मांडीवर, आणि पान लावून झालं की परत कोनाड्यात.

आता काजूबिया. ते पोतं आजच्या आज कुलपात टाक. बीच्या टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी कशी जळते ते बिया फोडणाऱ्या बायकांना विचार. मुलाने कच्ची बी चावली की ओठ, जीभ, हनुवटी सगळं फोडांनी भरतं. शिवाय हे दिवस फणसाच्या आठळ्यांचे. सारवलेल्या जमिनीवर वाळत घातलेल्या आठळ्या, काजूगर, भाजलेले शेंगदाणे, हे सगळं घशात अडकणारं. घरात सगळ्यांना ठाऊक असू दे: अंदाजे सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या घशात अडकू शकते. अडकलीच, आणि मुलाला रडता-खोकता येत नसेल, तर हाताच्या पुढच्या भागावर पालथं धरायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. निघेपर्यंत आळीपाळीने हेच, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. हे सासूबाईंनाही उशी घेऊन करून दाखव.

दर्यावर्दी, रागावू नका, पण जाळ्याला आणि वॉकरला माझा विरोध आहे. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा बारीक नि चिवट असतो, तो बोटाभोवती आवळला की बोट काळंनिळं होईपर्यंत कळत नाही. मोठ्या भोकांच्या जाळ्यात हात-पाय अडकतो. गजांवर काही लावायचंच तर नर्सरीत मिळतं ते हिरवं शेडनेट घ्या, बाहेरच्या बाजूने लाकडी पट्टी ठोकून ताठ बसवा, कडा शिवून घ्या. आणि वॉकर म्हणजे चाकं. चालता न येणाऱ्या मुलाला त्यामुळे वेग येतो, आणि पुढे पायऱ्या आहेत. कॅनडाने २००४ साली वॉकर विकण्यावरच बंदी घातली, ती मुलं वॉकरसकट जिन्यावरून पडत होती म्हणूनच. मूल चालायलाही त्याने लवकर शिकत नाही.

पायऱ्यांसाठी गावातल्या सुताराकडून रिपांचं फाटक करून घे. रिपा उभ्या लावायला सांग, आडव्या लावल्या तर वर्षाच्या आत मूल शिडीसारखं चढतं. दोन रिपांमधलं अंतर तीन इंचांच्या आत, उंची अडीच फूट तरी, कडी बाहेरच्या अंगाला. खिळ्यांऐवजी स्क्रू, म्हणजे दोन वर्षांनी काढता येईल. खांबाला भोकं पाडायला सासरे नको म्हणतील, तर खांबाभोवती लोखंडी पट्टा आवळून बिजागऱ्या त्यावर घेता येतात. असंच दुसरं फाटक मागच्या दाराला. विहिरीला कठडा असला तरी वर लोखंडी जाळीचं झाकण हवं, आणि मागच्या दाराला मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर कडी.

पाण्याचं म्हणशील तर मला विहिरीइतकीच भीती बादलीची वाटते. पावसात आपण पागोळ्यांखाली घमेली नि बादल्या लावतो, गळतीखाली पातेली ठेवतो. रांगतं मूल बादलीच्या काठाला धरून वाकलं की डोक्याच्या भाराने आत जातं, त्याला मागे येता येत नाही, आणि पाणी वीतभर असलं तरी आवाजसुद्धा होत नाही. भरलेलं भांडं तिच्या वाटेत नको. न्हाणीतलं घंगाळ रिकामं करून पालथं घाल.

आणि सासरे जे म्हणतात ते खरंच आहे, त्यांची चार मुलं वाढली. पण तेव्हा त्या घरात किती माणसं होती ते विचार. आत्या, काकू, आजी, शेजारची पोरं. मूल जमिनीवर असायचंच कमी, कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायचं. घर तेच आहे, हात कमी झालेत. ते हातांचं काम आता फाटकाने आणि कडीने करायचं आहे. असं सांगितलंस तर त्यांच्या संसाराला नाव ठेवल्यासारखं होणार नाही.

विंचवाचं रात्री लिहिते, आता दिवेलागण झाली.

वायरमन, देवगड

बोर्डांचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे.

जुन्या घरात हातभर उंचीवर बोर्ड असतो तो टेबलफॅन-रेडिओच्या सोयीने बसवलेला. ताई, खर्च करायचा असेल तर आधी मेन स्विचजवळ आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण एमसीबी वायरिंगला जपतो, माणसाला नाही. शॉर्ट झालं किंवा लोड वाढला तर तो पडतो. ओल्या हातातून करंट जमिनीत जात असेल तर त्याला कळतही नाही, ते आरसीसीबीला कळतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबून पडला नाही तर बदलायचा.

बरीच घरं आरसीसीबी बसवला की पावसात सारखा पडतो म्हणून तो काढायला सांगतात. तो पडतो कारण कुठेतरी ओल लागून करंट गळतोय. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल, कौलं गळून वायर भिजत असेल, तर दोष तिथे शोधायचा. पडणारा आरसीसीबी त्याचं काम नीट करतोय.

प्लगच्या भोकात खोचायची प्लास्टिकची टोपणं आणू नका. ती ओढली की निघतात आणि लहान असतात, सिस्टरनी सांगितलंय तसं घशाचं संकट. शटरवाले सॉकेट मिळतात, त्यात वरची जाड पिन आत गेल्याशिवाय खालची भोकं उघडत नाहीत. खालचे बोर्ड तेवढे बदलून घ्या, नाहीतर चार फुटांवर उचलून घ्या. मोबाईलचा चार्जर काम झालं की प्लगमधून काढायचा, लोंबती पिन पहिली तोंडात जाते. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नकोच.

आपल्याकडे अर्थिंगचाही प्रश्न असतो. कातळावर घर असेल तर खड्डा पुरेसा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. मिरगाच्या आधी एकदा मोजून घ्या. आणि टेबलफॅनची जाळी बघा, तुमचं बोट जात नसेल पण तिचं जातं.

निवृत्त सिस्टर, राजापूर

आता विंचू. लाल विंचू आपल्याकडे जांभ्याच्या सांधीत, लाकडांच्या मोळीत, शेणीत, सोडणांच्या ढिगात राहतो. म्हणजे तुझी बेगमी मागच्या पडवीत भिंतीला लागून आहे ती जागा चुकीची. घरापासून वेगळी खोपी असेल तर तिथे हलव. नाहीच जमलं तर भिंतीपासून हातभर सोडून, खाली दगड नि फळ्या घालून रच, आणि मुलीला त्या बाजूला जाऊच देऊ नको. भिंतीतल्या सांधी सिमेंट-वाळूने बुजवून घे. दोरीवरची दुपटी-झबली झटकल्याशिवाय घालायची नाहीत.

मोठ्या माणसाला विंचू चावला तर वेदनेने तळमळतो, पण बहुतेक वेळा निभावतं. लहान मुलाचं तसं नाही. विष हृदयावर येतं. मूल एकाएकी किंचाळून रडतं, घामाने भिजतं, उलट्या होतात, हात-पाय गार पडतात. पुढे फुफ्फुसात पाणी होतं. एके काळी कोकणात अशी मुलं हातची जायची. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांचा अभ्यास केला, रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध साधी गोळी आहे, पण वेळेत मिळावी लागते. म्हणून मंत्राने उतरवायला नेऊन तास घालवायचा नाही. रिक्षा, मोटरसायकल, जे मिळेल त्याने दवाखाना. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी आणि सर्पदंशाची लस आहे ना, हे पाऊस सुरू व्हायच्या आत जाऊन विचारून ये. रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, तेही.

फुरसं आपल्याकडच्या कातळावर फार. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. खाली अंथरूण घालत असाल तर पलंगावर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. डासांसाठी ती लागतेच, तेवढ्यात हेही काम होतं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग हलू न देता दवाखान्यात.

मृदुला, गुहागर

सिस्टर, चुन्याचं तुम्ही लिहिलेलं सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, आणि जेवणानंतर स्वतः डबा कोनाड्यात ठेवून आले. नवऱ्याने सुताराला निरोप दिलाय. काजूबिया शेजारच्या खोपीत गेल्या.

झोपाळ्याचं मात्र अडलंय. सासऱ्यांची दुपार त्यावरच जाते. आणि समई, कापूर, आणि पडवीच्या कोपऱ्यातला इन्व्हर्टर, यांचं काय करू? माजघराच्या खिडकीच्या गजांचे पोपडेही ती नखांनी काढत असते.

निवृत्त सिस्टर, राजापूर

सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. सांगितलेलं ऐकून घेणारं वडील माणूस घरात आहे, हे तुझ्या लेकीचं भाग्य.

झोपाळा काढू नको. मुलगी खाली असेल तेव्हा तो चालू नसावा, एवढंच. फळीची कड तिच्या डोक्याच्या उंचीला येते आणि हलत्या कडीच्या दुव्यात बोट चेंगरतं. आढ्याच्या हुकाला एक दोरी बांधून फळी वर उचलून अडकवून ठेवता येते, जुन्या घरांत लग्नकार्याला ओटी मोकळी करायची असली की असंच करतात. दुपारी मुलगी झोपली की झोपाळा खाली, ती उठली की वर. कड्यांना हाताच्या उंचीपर्यंत जाड कापडाची खोळ शिवून घाल.

समई चौरंगावर नेऊन भागणार नाही, ती चौरंगाला धरूनच उभी राहील. देवघरात भिंतीतली फळी असेल तिथे निरंजन लावा, समई सणाला, तीही कुणी शेजारी बसलेलं असताना. कापूर मात्र अगदी वर. पांढरी वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि लहान मुलाच्या पोटात एवढासा गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच वर, त्याही विषारी. रॉकेल किंवा फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं असेल तर आजच काढ. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवायची नसते, उलटीबरोबर ते फुफ्फुसात जातं. रिमोटमधली चपटी बटणासारखी बॅटरी कुणी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जाळते, तिथे वाट बघणं नाही.

गजांचा रंग किती जुना आहे? घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटात शिसं बरंच असू शकतं, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. कोरडं घासू नका, धूळ घरभर होते. ओलं करून पोपडे काढा, ओल्या फडक्याने पुसा, मग नवा रंग. ते होईपर्यंत त्या खिडकीखाली पलंग किंवा पेटारा आडवा लावून ठेव. रंगकाम चालू असताना लेकीला घेऊन चार दिवस माहेरी जा.

वायरमन, देवगड

इन्व्हर्टर राहिला. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं, पाणी घालायची टोपणं बोटाने फिरतात, आणि टर्मिनल उघडे असतात. बंद पेटीत ठेवा, पण पेटीला वर हवा जायला भोकं ठेवा, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर रबरी टोप्या. पेटी जमिनीवर न ठेवता भिंतीला अँगल मारून तीन-चार फुटांवर घेतली तर उत्तम, पण वजन पन्नास किलोच्या आसपास जातं, त्यामुळे नुसत्या चिऱ्यात खिळा चालणार नाही, आरपार बोल्ट लागतील. सुतार येईल त्याच दिवशी वायरमनलाही बोलवा, दोघांना मिळून तो अँगल बसवता येईल.